हवामानाचा अंदाज चुकला म्हणून ज्याची पहिल्यांदा टिंगल झाली, तो डार्विनच्या जहाजाचा कप्तान होता

हवामान खात्याने मुसळधार पाऊस सांगावा आणि नेमकं कडक ऊन पडावं, की मीम्सचा पाऊस सुरू होतो. पण ही टिंगल आजची नाही. पेपरात रोजचा अंदाज छापून यायला लागला तेव्हापासूनची आहे. तिचा पहिला धनी होता रॉबर्ट फिट्झरॉय.

चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजावरून १८३१ ते १८३६ जगभर फिरला, त्याचा हा कप्तान. १८०५ साली इंग्लंडमधल्या उमराव घराण्यात जन्म, बाराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत. पुढे तो न्यूझीलंडचा गव्हर्नर झाला. तिथे माओरींची बाजू ऐकून घेतो म्हणून गोरे वसाहतवाले चिडले आणि त्याला परत बोलावण्यात आलं.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याला हवामानाच्या नव्या विभागावर बसवलं. हाताखाली मोजकी तीन माणसं. काम काय, तर जहाजांवरच्या नोंदी गोळा करून तक्ते बनवायचे. अंदाज सांगायला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग १८५९ चा ऑक्टोबर उजाडला. ऑस्ट्रेलियाहून सोनं आणि प्रवासी घेऊन आलेलं 'रॉयल चार्टर' जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. साडेचारशेच्या आसपास माणसं गेली, तीही घर इतकं जवळ आलेलं असताना. फिट्झरॉयने त्या दिवसांच्या नोंदी मांडून पाहिल्या. वादळ टप्प्याटप्प्याने सरकत आलं होतं. म्हणजे एका बंदरातून तार केली असती, तर पुढच्या बंदराला वेळेत कळलं असतं.

त्याने किनाऱ्यावरच्या १५ ठिकाणांहून तारेने नोंदी मागवायला सुरुवात केली. फेब्रुवारी १८६१ मध्ये पहिला इशारा गेला.

पण खरी अडचण पुढेच होती. तार बंदरात येणार, होडी पाण्यात. शिवाय कित्येक कोळ्यांना वाचता येत नव्हतं. मग सांगायचं कसं? त्याने खांबावर आकार टांगले. शंकूचं टोक वर म्हणजे उत्तरेकडून वादळी वारा, टोक खाली म्हणजे दक्षिणेकडून. ढोल टांगला तर वारा दिशा बदलत येणार. ढोल आणि शंकू दोन्ही दिसले तर प्रकरण गंभीर. रात्री याच आकारात कंदील. झेंडा वाऱ्याने गुंडाळला जातो, लांबून रंगही कळत नाही. शंकू मात्र कुठूनही पाहा, त्रिकोणच दिसतो. आपल्याकडे बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लागल्याची बातमी येते ना, त्या बावट्यांतही शंकू आणि ढोल आहेतच.

गरीब कोळीवस्त्यांमध्ये त्याने वायुभारमापकं बसवली, सोबत वाचायच्या सोप्या सूचना दिल्या. इशारा म्हणजे वादळ येणारच असं नाही, सावध राहा एवढंच, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. भविष्यवाणी हा शब्द त्याला नको होता, म्हणून त्याने इंग्रजीत 'फोरकास्ट' हा शब्द रूढ केला.

१ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये त्याचा पहिला अंदाज छापून आला. आणि इथेच घोळ झाला. बंदरावरचा कोळी इशाऱ्याकडे सावधगिरी म्हणून पाहायचा, शहरातला वाचक मात्र बरोबर की चूक एवढंच मोजायचा. अंदाज चुकला की पेपरातच खिल्ली. शास्त्रज्ञ म्हणायचे, यामागे सिद्धांत कुठे आहे? पुढे पुढे 'द टाइम्स'नेही हात झटकले. फिट्झरॉय पत्रं लिहून खुलासे करत राहिला. पैसा संपला, तब्येत ढासळली, नैराश्याने घेरलं. ३० एप्रिल १८६५ ला, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

कुटुंबासाठी त्याने काहीच मागे ठेवलं नव्हतं. मित्रांनी निधी उभारला, त्यात डार्विनचे १०० पौंड होते. उत्क्रांतीच्या मुद्द्यावरून दोघांचं कधीच बिनसलं होतं. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या गाजलेल्या चर्चेत फिट्झरॉय हातात बायबल घेऊन विरोधात उभा राहिला होता.

१८६६ मध्ये फ्रान्सिस गाल्टनच्या समितीने या अंदाजांना शास्त्रीय आधार नाही, असा ठपका ठेवला. अंदाज बंद, वादळाचे इशारेही बंद. पण दर्यावर जाणाऱ्यांना ते हवे होते. बंदरांवरून ओरड झाली आणि १८६७ मध्ये इशारे परत आले. पेपरातल्या वाचकांना मात्र अंदाजासाठी १८७९ पर्यंत थांबावं लागलं.

ब्रिटनमध्ये जहाजांसाठी रेडिओवर समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेऊन हवामान सांगतात. २००२ मध्ये त्यातल्या 'फिनिस्टेर' या भागाचं नाव बदलून 'फिट्झरॉय' ठेवण्यात आलं.