वाचकापर्यंत न पोचणारा ग्रंथ

मार्च महिना उजाडला की अनेक महाविद्यालयांना ग्रंथालयाच्या अनुदानाची एकाएकी आठवण होते. एकतीस तारखेपूर्वी रक्कम खर्ची पडली नाही तर ती परत जाणार, या धास्तीने विक्रेत्यांच्या याद्यांवर भराभर खुणा केल्या जातात. ग्रंथ येतात, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतात आणि मग ते कपाटांत बंद होतात. हिशेब तपासनिसाचे समाधान होते. विद्यार्थ्याच्या हाती मात्र काहीच लागत नाही. ही विसंगती ज्या माणसाने आयुष्यभर बोचरी मानली, त्या डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्मदिवस म्हणून १२ ऑगस्ट हा दिवस ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. तसबिरीला हार घातला जातो. पण त्यांच्या विचारांचे काय, हा प्रश्न त्या दिवशीही क्वचितच विचारला जातो.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ सालचा, तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावचा. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचे शिक्षण घेतले आणि १९१७ पासून मंगळूर, कोइमतूर व मद्रास येथील सरकारी महाविद्यालयांत ते शिकवू लागले. ग्रंथपाल होण्याचा विचारही त्यांच्या मनात नव्हता. परंतु अध्यापकाचे वेतन तुटपुंजे होते, आणि मद्रास विद्यापीठाने नव्याने निर्माण केलेल्या ग्रंथपालाच्या जागेचे वेतन बरे होते. १९२४ च्या जानेवारीत ते त्या जागेवर रुजू झाले, आणि थोड्याच दिवसांत त्या निवांतपणाला इतके कंटाळले की पूर्वीच्या महाविद्यालयात परत जाण्याची खटपट करू लागले. अखेर आधी इंग्लंडला जाऊन या विषयाचे शिक्षण घ्यावे आणि मग काय तो निर्णय करावा, असे ठरले.

लंडनमध्ये त्यांनी वर्गांत जे ऐकले त्याहून अधिक ग्रंथालयांत हिंडून पाहिले. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांत कामगार, गृहिणी आणि मुले हक्काने येत-जात होती. ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचे कोठार नव्हे, तर समाजाच्या शिक्षणाचे साधन होय, ही गोष्ट त्यांना तेथे उमगली. १९२५ मध्ये ते मद्रासला परतले ते अध्यापनाकडे परत न वळण्याचा निश्चय करूनच. वाचकाला थेट मांडणीपर्यंत जाण्याची मुभा त्यांनी दिली, ग्रंथांची विषयवार रचना केली आणि वाचकाला हवे ते शोधून देण्यासाठी सेवकवर्ग तयार केला. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी या ग्रंथालयाला दिली. १९२८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांच्या प्रशिक्षणाला आरंभ झाला.

त्यांचे पाच सिद्धान्त १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. ग्रंथ वापरासाठी असतो, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, असा त्यांचा आशय आहे. वाचताना हे सारे इतके सरळ वाटते की त्यात नवे ते काय, असा प्रश्न पडावा. परंतु हेच सिद्धान्त ग्रंथखरेदीला लावून पाहिले म्हणजे त्यांची धार कळते. १९५२ मध्ये त्यांनी ग्रंथनिवडीवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. पहिला सिद्धान्त मान्य केला तर केवळ शोभेसाठी घेतलेले महागडे संच गैरलागू ठरतात. दुसरा मान्य केला तर एखाद्या प्राध्यापकाच्या आवडीपायी शेकडो विद्यार्थ्यांची निकड मागे सारता येत नाही. तिसऱ्याप्रमाणे, घेतलेला ग्रंथ तालिकेत नीट न नोंदवणे हीसुद्धा उधळपट्टीच होय. आणि वाढत्या संस्थेला कालबाह्य झालेले वेळोवेळी बाजूला काढण्याचे धैर्यही असावे लागते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर ग्रंथाचा खरा खर्च पावतीवरील आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा किती वाचनांत विभागला गेला यावरून ठरतो. शंभर वेळा वाचला गेलेला महाग ग्रंथ स्वस्त पडतो, आणि एकदाही न उघडलेला स्वस्त ग्रंथ सर्वांत महाग पडतो.

मद्रास सोडल्यावर रंगनाथन १९४५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गेले आणि तेथील सुमारे एक लाख ग्रंथांचे वर्गीकरण त्यांनी जवळजवळ एकहाती केले. १९४७ पासून दिल्ली विद्यापीठ त्यांचे कार्यक्षेत्र झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ मध्ये नेमलेल्या ग्रंथालय समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच आले. विद्यार्थ्यामागे १५ रुपये आणि अध्यापकामागे २०० रुपये या प्रमाणात ग्रंथालयाला अनुदान मिळावे, अशी शिफारस या समितीने केली. ग्रंथपालाला अध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा असावा, हाही तिचा आग्रह होता. मुक्तद्वार ग्रंथालयात काही ग्रंथ गहाळ होणारच, ते नुकसान ग्रंथपालाच्या माथी मारू नये, हे रंगनाथन यांचे मत होते. ज्याला हरवलेल्या प्रत्येक ग्रंथाची भरपाई खिशातून करावी लागते तो कपाटाला कुलूप लावणारच. त्यात दोष त्याचा नाही, नियमाचा आहे.

रंगनाथन यांचे सारेच स्वीकारले गेले असे नाही. १९३३ साली प्रसिद्ध झालेली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती जगभरच्या अभ्यासकांनी वाखाणली. पण भारतातील बहुसंख्य ग्रंथालयांनी ड्यूई यांची दशांश पद्धतीच सोयीची मानली. कामाच्या बाबतीत ते कठोर होते आणि मतभेदही त्यांच्या वाट्याला पुष्कळ आले. तथापि त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेता येत नाही. १९५६ मध्ये पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन स्थापण्यासाठी त्यांनी आपल्या बचतीतील एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले. ज्या पेशाकडे ते पगारासाठी वळले होते, त्याच पेशाला त्यांनी आपली मिळकत परत केली. १९६५ मध्ये ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले आणि २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

आज अनेक महाविद्यालयांत तालिका संगणकावर गेली आहे. पण निवडीचा प्रश्न यंत्राने सुटत नाही. वर्षभर विद्यार्थी काय मागतात आणि कोणत्या मागणीला नकार मिळतो याची नोंद ठेवणे, खरेदी बारा महिन्यांत विभागणे आणि याद्यांवर खुणा करण्यापूर्वी ग्रंथपालाचे मत ऐकणे, यांसाठी फारसे जादा अनुदान लागत नाही. येत्या १२ ऑगस्टला हार घालून झाल्यावर गेल्या मार्चमध्ये घेतलेल्या ग्रंथांपैकी किती वाचकांच्या हाती गेले, एवढे जरी एखाद्या महाविद्यालयाने मोजले, तरी रंगनाथन यांचे स्मरण सार्थकी लागले असे म्हणता येईल.