न्यूयॉर्कच्या धक्क्यावर

इ. स. १८८३ सालच्या जून महिन्याची ४ तारीख होती. अटलांटिक महासागर ओलांडून आलेली एक आगबोट त्या दिवशी न्यूयॉर्क बंदराच्या धक्क्याला लागली. उतारूंच्या गर्दीत अठरा वर्षांची एक मराठी स्त्री होती. अंगावर लुगडे, कपाळी कुंकू. आसपासच्या हजारो माणसांत तसा वेष दुसऱ्या कोणाचाच नव्हता. कलकत्ता सोडून तिला जवळजवळ दोन महिने झाले होते. या शहरात तिच्या नात्यागोत्याचे कोणी नव्हते. जिच्या भरवशावर ती इतक्या दूर आली होती, त्या बाईला तिने अजून डोळ्यांनी पाहिलेही नव्हते. ही स्त्री म्हणजे आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुण्यास झाला. पण त्यांचे बालपण गेले ते ठाणे जिल्ह्यातील कल्याण येथे. माहेरचे त्यांचे नाव यमुना. पनवेल, बेलापूर, शिरवणे, ठाणे, कल्याण हा सारा मुलूख खाडीच्या पाण्याने समुद्राशी जोडलेला. कल्याण तर फार प्राचीन काळापासूनचे बंदर. या गावात परदेशची गलबते येऊन गेली होती. परंतु त्या गावच्या ब्राह्मण घरातील मुलीने समुद्रापार जावे, ही गोष्ट कोणाच्या स्वप्नातही येण्यासारखी नव्हती. समुद्र ओलांडला की धर्म बुडाला, अशी त्या काळची समजूत होती. पुरुष गेला तरी त्याला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागे. मग स्त्रीची गोष्ट कशाला?

वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि ती आनंदी झाली. गोपाळराव पोस्टात नोकरीस होते. वयाने ते पत्नीहून बरेच मोठे. स्वभाव तऱ्हेवाईक, हट्टी आणि तापट. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. त्या काळी नवरे बायकोला ती शिकते म्हणून रागावत. गोपाळराव ती शिकत नाही म्हणून रागावत, आणि अभ्यासात कसूर झाली की हातही उगारीत. त्यांच्या या ध्यासाचे कौतुक करताना त्या लहान मुलीला काय सोसावे लागले, हेही विसरून चालणार नाही. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता अशा बदल्या होत गेल्या आणि गावोगाव आनंदीबाईंचा अभ्यास चालू राहिला. पतीबरोबर रस्त्याने पायी जाणे, हातात पुस्तक धरणे, एवढ्यावरूनही लोक त्यांची टवाळी करीत.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य उपचार मिळते तर बाळ वाचले असते, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. घरोघर बायका दुखणी अंगावर काढीत होत्या. पुरुष डॉक्टरला हात दाखवायचीही त्यांना लाज वाटे, आणि स्त्री डॉक्टर तर जवळपास नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचे, हा आनंदीबाईंचा निश्चय या दुःखातून झाला.

पण शिकायचे कोठे? पत्नीला अमेरिकेत शिकवावे या हेतूने गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना एका अमेरिकन मिशनऱ्यास पत्र लिहिले होते. ख्रिस्ती व्हाल तर मदत करू, अशा आशयाचे उत्तर आले आणि तो विषय तेथेच थांबला. मात्र तो पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल या लहानशा गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत होत्या. इ. स. १८८० मध्ये दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. वाचून त्यांचे मन हेलावले आणि त्यांनी त्या अनोळखी हिंदी मुलीला पत्र धाडले. तेथून जो पत्रव्यवहार सुरू झाला तो तीन वर्षे अखंड चालला. पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. तरीही सणवार, चालीरीती, खाणेपिणे, आजारपण, सुखदुःख असे काहीही दोघींनी एकमेकींपासून लपवून ठेवले नाही. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या.

गोपाळरावांना स्वतः बरोबर जाणे जमेना. तेव्हा पत्नीला एकटीलाच पाठवायचे त्यांनी ठरविले. गावभर गहजब झाला. त्या वेळी त्यांचा मुक्काम बंगालमधील श्रीरामपूर येथे होता. लोक कुजबुजतात, त्यापेक्षा त्यांच्यासमोर उभे राहून आपले म्हणणे सांगावे, असे ठरवून २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यात इंग्रजीत भाषण केले. आपण अमेरिकेला का जातो, एकटी का जातो, याची कारणे त्यांनी एकामागून एक मांडली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी भर सभेत जाहीर केले. अंगावरचे दागिने मोडून प्रवासखर्चाची तजवीज झाली आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या.

बोटीवर काही मिशनरी स्त्रिया सोबतीला होत्या. पण घरचे माणूस एकही नव्हते. शाकाहार सोडायचा नाही, हा त्यांचा नेम. बोटीच्या खानावळीत त्यांना खाण्याजोगे फारसे काही नसे. नेम मोडला नाही. मात्र प्रवासात पोटाचे हाल झाले.

आणि आता समोर न्यूयॉर्क होते.

हे शहर हडसन नदीच्या मुखाशी, समुद्राला लागून वसलेले आहे. त्या काळीच तेथे बारा लाखांहून अधिक वस्ती होती. आज न्यूयॉर्क म्हटले की स्वातंत्र्यदेवीचा पुतळा डोळ्यांसमोर येतो. पण आनंदीबाई आल्या तेव्हा बंदरात तो पुतळा नव्हता. त्याचे उद्घाटन २८ ऑक्टोबर १८८६ रोजी झाले, आणि त्या दिवशी आनंदीबाई भारताच्या परतीच्या वाटेवर होत्या. मात्र दुसरे एक नवल त्या वेळी ताजे होते. न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन या दोन शहरांना जोडणारा प्रचंड झुलता पूल अवघ्या अकरा दिवसांपूर्वी, २४ मे रोजी, खुला झाला होता. पोलादी तारांच्या दोरखंडांवर टांगलेला असा लांब पूल जगाने तोवर पाहिला नव्हता. त्याचे मुख्य स्थापत्यकार वॉशिंग्टन रोबलिंग काम चालू असताना आजारी पडून अंथरुणास खिळले. तेव्हा त्यांची पत्नी एमिली हिने गणित व स्थापत्य यांचा अभ्यास करून पतीच्या सूचना कामावर पोचविल्या आणि वर्षानुवर्षे देखरेख ठेवली. एका स्त्रीने शिकून काय केले, याची खूण ज्या बंदरावर नुकतीच उभी राहिली होती, त्याच बंदरावर शिकण्यासाठी आलेली ही दुसरी स्त्री उतरत होती.

शहरातील रस्त्यांवर घोड्यांच्या ट्रामगाड्या धावत होत्या. काही रस्त्यांवर तर लोखंडी खांब रोवून त्यांवर रूळ टाकलेले होते, आणि माणसांच्या डोक्यांवरून, घरांच्या दुसऱ्या मजल्यांच्या खिडक्यांजवळून वाफेची आगगाडी धडधडत जाई. मुंबई व कलकत्ता ही मोठी शहरे आनंदीबाईंनी पाहिली होती. तेथे आगगाड्या होत्या, ट्राम होत्या, रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. परंतु डोक्यावरून धावणारी आगगाडी हिंदुस्थानात कोठेच नव्हती.

ज्या क्षणाची खरी काळजी होती तो मात्र धक्क्यावरच यायचा होता. पत्रांतून माणूस कितीही ओळखीचे झाले तरी ते समोर आल्यावर कसे वाटेल, हे आधी सांगता येत नाही. कार्पेंटरबाई आल्याच नाहीत तर? आल्या आणि त्यांचे मन बदलले असले तर? परतीचा मार्ग पुन्हा दोन महिन्यांचा होता. एवढे मोठे साहस आनंदीबाईंनी केले ते केवळ कागदावरच्या शब्दांवर विसंबून. तो विश्वास खोटा ठरला नाही. कार्पेंटरबाई त्यांना घेण्यासाठी स्वतः न्यूयॉर्कला आल्या होत्या. लुगडे नेसलेली ती ठेंगणी मुलगी ओळखायला त्यांना फारसे कठीण गेले नसावे.

रोझेल हे गाव हडसन नदीच्या पलीकडच्या मुलखात आहे. त्या काळी न्यूयॉर्कजवळ हडसनवर पूल नव्हता, की नदीखालून बोगदाही नव्हता. न्यूयॉर्कची माणसे वाफेच्या नावेने नदी ओलांडीत आणि पलीकडे आगगाडी धरीत. लाखो वस्तीच्या शहरापुढे रोझेल हे अगदीच लहान खेडे. परंतु एका बाबतीत ते न्यूयॉर्कच्याही तोडीचे होते. थॉमस एडिसन याने खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावण्याचा प्रयोग याच गावी केला, आणि १९ जानेवारी १८८३ पासून रोझेलचे रस्ते व घरे विजेने उजळू लागली. आपल्याकडे तेव्हा घराघरात समया आणि तेलाचे दिवे होते. ज्या खेड्यात आनंदीबाईंना पहिला आसरा मिळाला, ते अशा रीतीने विजेच्या दिव्यांचे जगातील अगदी पहिल्या गावांपैकी एक होते. रोझेलला रात्र पडे तेव्हा बंगालमध्ये दुसऱ्या दिवसाची सकाळ होत असे. आपण सुखरूप पोचल्याचे पत्र गोपाळरावांच्या हाती पडायला अजून कित्येक आठवडे जायचे होते.

त्या उन्हाळ्यात आनंदीबाई कार्पेंटर कुटुंबात घरच्या मुलीसारख्या राहिल्या. पुढे कार्पेंटरबाईंनीच त्यांना फिलाडेल्फिया येथे नेले आणि तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले. हे महाविद्यालय १८५० साली स्थापन झालेले. तेथील थंडी कडक. नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहत आणि गारठा सोसवत नसे. म्हणून त्या पायघोळ गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. परका वेष मात्र त्यांनी स्वीकारला नाही. जपान व सीरिया या देशांतून आलेल्या दोन विद्यार्थिनींबरोबर काढलेले त्यांचे १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघींनीही आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना वैद्यकाची पदवी मिळाली. प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय त्यांनी प्रबंधासाठी निवडला होता. आदल्या वर्षी अमेरिकेत आलेले गोपाळराव पदवीदानास हजर होते. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांचा विभाग आनंदीबाईंकडे सोपविण्याचे कोल्हापूर संस्थानाने ठरविले. पण शरीर साथ देईना. थंडी, अपुरे अन्न आणि अतिश्रम यांनी प्रकृती खालावली होती. क्षयाने त्यांना गाठले होते. १६ नोव्हेंबर १८८६ रोजी त्या मुंबईस उतरल्या. ज्यांनी नावे ठेवली होती त्यांच्यातलेही कितीतरी जण आता स्वागताला पुढे झाले. कोल्हापूरच्या कामावर रुजू होणे मात्र त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविली. बाईंनी ती पोकिप्सी या गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसविला. पोकिप्सी न्यूयॉर्कच्या उत्तरेस, हडसन नदीच्याच काठी आहे.