योहान सेबास्टियन बाख

जर्मनीतील लाइप्झिग शहरात सेंट टॉमस नावाचे एक प्राचीन चर्च आहे. त्याच्या गाभाऱ्यात, फरशीत बसविलेल्या कांस्यपट्टावर केवळ एक नाव कोरलेले आहे. ते नाव योहान सेबास्टियन बाख या थोर संगीतकाराचे होय. देशोदेशीचे संगीतप्रेमी येथे येऊन फुले वाहतात. परंतु याच बाखच्या थडग्यावर सुमारे दीडशे वर्षे नावाचा साधा दगडही नव्हता!

बाखचा जन्म १६८५ साली आयझेनाख या गावी झाला. त्याच्या घराण्यात कित्येक पिढ्या संगीताची उपासना चालत आली होती. पण १६९४ मध्ये त्याची आई वारली आणि वर्ष उलटण्यापूर्वीच वडिलांनीही इहलोकीची यात्रा संपविली. वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच बाख पोरका झाला. ओरड्रूफ येथे राहणाऱ्या थोरल्या भावाने त्याला आश्रय दिला. भावाजवळ नामांकित संगीतकारांच्या रचनांची एक वही होती. ती तो कपाटात बंद ठेवी. असे सांगतात की, घरातील माणसे निजल्यावर हा बालक कपाटाच्या जाळीतून ती वही हळूच काढी आणि चांदण्याच्या प्रकाशात उतरून घेई.

ही ज्ञानाची तहान पुढेही शमली नाही. १७०५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, बुक्स्टेहूड या वृद्ध ऑर्गनवादकाचे वादन ऐकण्यासाठी तो सुमारे ४०० किलोमीटर पायी चालत ल्यूबेक शहरी गेला.

१७०७ साली त्याचा मारिया बार्बारा हिच्याशी विवाह झाला. दहा वर्षांनी तो क्योथेनच्या राजपुत्राच्या पदरी राहिला. १७२० च्या उन्हाळ्यात राजपुत्राबरोबर त्याला कार्ल्सबाड येथे जावे लागले. निघताना पत्नी सुखरूप होती. परतून उंबरठ्यावर पाय ठेवतो तो तिचे दफनही होऊन गेलेले! तिचे अखेरचे दर्शन त्याच्या नशिबी नव्हते. चार लेकरे आईवाचून उरली होती.

पुढच्या वर्षी त्याने आना माग्दालेना या गायिकेशी विवाह केला. तिने त्याचा संसार सावरला आणि त्याच्या कित्येक रचनांच्या सुवाच्य प्रती लिहून काढल्या. बाखला एकंदर वीस अपत्ये झाली. त्यांतील निम्मीच मोठी झाली. इतके आघात सोसूनही त्याची साधना खंडित झाली नाही. १७२३ पासून मृत्यूपर्यंत त्याने लाइप्झिग येथे संगीताची सेवा केली.

२८ जुलै १७५० रोजी बाख निवर्तला. सेंट जॉन चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले. आना माग्दालेनाने उरलेले दिवस दानधर्मावर कंठले. १७६० साली तीही गेली.

हळूहळू लोकांना बाखचा विसर पडला. १८२९ साली मेंडेल्सन या वीस वर्षांच्या तरुण संगीतकाराने बर्लिनमध्ये त्याची एक महान रचना पुन्हा सादर केली, तेव्हा समाजाला आपल्या ठेव्याची जाणीव झाली. १८९४ साली सेंट जॉन चर्चच्या आवारात खोदकाम करण्यात आले. ओक लाकडाच्या एका शवपेटीतील अस्थी बाखच्याच असाव्यात, असा निर्णय तज्ज्ञांनी दिला. दुसऱ्या महायुद्धात ते चर्च उद्ध्वस्त झाले. म्हणून १९५० साली, त्याच्या निधनानंतर २०० वर्षांनी, त्या अस्थी सेंट टॉमस चर्चमध्ये आणण्यात आल्या.

आना माग्दालेनाचे थडगे मात्र आजही कोणाला ठाऊक नाही. तिने लिहिलेल्या प्रतींवरून आज वादक बाखचे संगीत वाजवितात. तेच तिचे स्मारक होय.