डॉ. आनंदीबाई जोशी : क्षयरोग आणि फुप्फुसातील पेशींची लढाई

टीबीचे निदान झाले की अनेक रुग्ण पहिला प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, मलाच कसा झाला?’ घरात कुणाला नाही, खाणेपिणे व्यवस्थित, मग कुठे चुकले? या प्रश्नाचे उत्तर समजून घेताना कल्याणच्या एका मुलीचे आयुष्य आठवते. ती स्वतः डॉक्टर झाली आणि क्षयरोगानेच गेली.

कल्याण ते फिलाडेल्फिया

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणच्या जोशी कुटुंबात गेले. नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झाले. गोपाळराव वयाने बरेच मोठे आणि बिजवर होते, पण पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख त्यांच्या मनातून गेले नाही आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, भूज असे करत हे जोडपे बंगालमध्ये पोहोचले. तिथे असतानाच आनंदीबाईंना अशक्तपणा, डोकेदुखी, मधूनमधून ताप आणि धाप लागणे असे त्रास होत होते. तो टीबीच होता असे आज ठामपणे म्हणता येणार नाही, कारण ही लक्षणे इतर आजारांतही दिसतात. तब्येत अशी असतानाही १८८३ मध्ये त्या बोटीने अमेरिकेला गेल्या. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. तिथली थंडी, अभ्यासाचा ताण आणि शाकाहारी जेवणाची अडचण यांत प्रकृती आणखी ढासळली. क्षयरोग झाला.

फुप्फुसात नेमके काय घडते?

क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी मार्च १८८२ मध्ये जगासमोर मांडला. शरीरातल्या काही पेशी बाहेरून आलेले कण गिळून टाकतात, हे मेचनिकॉव्ह यांनीही त्याच वर्षी पाहिले. म्हणजे आनंदीबाई शिकायला गेल्या तेव्हा हे ज्ञान अगदी नवे होते. पुढचा उलगडा व्हायला अनेक दशके लागली. आज आपल्याला माहीत आहे ते असे :

* भक्षक पेशी : रुग्णाच्या खोकल्यातून हवेत आलेला जंतू श्वासाबरोबर फुप्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातो. तिथे पहाऱ्यावर असलेल्या मॅक्रोफेज पेशी त्याला गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत पचवला जातो. क्षयाचा जंतू मात्र ही पचनक्रिया अडवतो आणि त्याच पेशीत वाढू लागतो.
* निरोप नेणाऱ्या पेशी : डेंड्रिटिक पेशी जंतूचे तुकडे जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत नेतात. तिथे टी-पेशी शत्रूची ओळख करून घेतात. याला काही आठवडे लागतात आणि तेवढा वेळ जंतूला मिळतो.
* टी-पेशी : फुप्फुसात पोहोचल्यावर त्या इंटरफेरॉन गॅमा हे रसायन सोडतात. त्यामुळे मॅक्रोफेजना जोर येतो आणि गिळलेले जंतू मारण्याची त्यांची ताकद वाढते.
* ग्रॅन्युलोमा : या सगळ्या पेशी जंतूंभोवती गोळा होऊन एक बारीक गाठ तयार करतात. काही जंतू मरतात, काही आत सुप्त राहतात.

म्हणून जंतू शरीरात शिरणे आणि टीबीचा आजार होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संसर्ग झालेल्या बहुतेकांना आयुष्यभर आजार होत नाही. साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच होतो. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, तंबाखू, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे यांमुळे पेशींचा हा समन्वय बिघडतो. मग गाठीचा मधला भाग मऊ होऊन फुटतो, फुप्फुसात पोकळी पडते आणि जंतू खोकल्यावाटे बाहेर येऊ लागतात. ही पोकळी काही अंशी आपल्याच पेशींच्या अतितीव्र प्रतिक्रियेमुळे पडते.

ज्ञान होते, औषध नव्हते

१८८६ च्या अखेरीस आनंदीबाई मायदेशी परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. ती स्वीकारायला त्या पोहोचूच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावा वाढदिवस महिनाभरावर होता. टीबीवरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ साल उजाडले.

आज आपल्या हातात काय आहे?

* दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर तपासणी करा. ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांमार्फत थुंकीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात.
* साध्या टीबीचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. महिन्या-दोन महिन्यांत बरे वाटले तरी पेशींत आणि गाठींत लपलेले जंतू शिल्लक असतात. मध्येच औषध सोडले तर आजार उलटू शकतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात.
* डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे असा प्रथिनयुक्त आहार घ्या. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातील टीबीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.
* घरातील सर्वांची, विशेषतः लहान मुलांची तपासणी करून घ्या. गरज असल्यास प्रतिबंधक औषध डॉक्टर सुचवतील.

‘मलाच कसा झाला?’ याचे उत्तर बहुतेक वेळा तुमच्या चुकीत नसते. एका डॉक्टरलाही हा आजार टाळता आला नाही. तेव्हा त्यांच्या पेशी एकट्याच लढत होत्या, आज त्यांच्या मदतीला औषधे आहेत. ती पूर्ण घ्या.