थोरांची ओळख : जाकोमो चामिचान

वीज गेली की आपल्या भिवंडीतल्या यंत्रमागांची खटखट एकदम थांबते. आपल्या राज्यातली बरीचशी वीज दगडी कोळसा जाळून होते. हा कोळसा संपला तर काय करायचं, याची काळजी शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने केली. ते म्हणजे जाकोमो चामिचान.

त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५७ रोजी त्रिएस्त या बंदराच्या गावी झाला. घराणे मूळचे आर्मेनियन. १८८९ साली ते इटलीतील बोलोन्या येथे रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले व शेवटपर्यंत तेथेच राहिले.

त्यांची खरी प्रयोगशाळा म्हणजे गच्ची, बरं का! आई साखरांब्याची बरणी उन्हात ठेवते ना, तसे ते व त्यांचे सहकारी पाउल झिल्बर काचेच्या कितीतरी नळ्या-बाटल्या गच्चीवर मांडीत. बाळंतशेपांच्या तेलात कार्व्होन नावाचा पदार्थ असतो. तो त्यांनी वर्षभर उन्हात ठेवला. चूल नाही, जाळ नाही, तरी त्याचा निराळाच पदार्थ झाला! वर्षभर वाट बघायची म्हणजे काय! आपल्याला तर पेरलेलं बी उगवेपर्यंत दम निघत नाही.

१९१२ साली न्यूयॉर्कला त्यांनी मोठे भाषण केले. कोळसा म्हणजे फार जुन्या काळचे साठवलेले ऊनच आहे, तो पुरणार नाही. झाडाचे पान उन्हाचा उपयोग कसा करते ते माणसाने शिकावे, असे त्यांनी सांगितले. जिथे काही पिकत नाही अशा रखरखीत मुलखात धूर न सोडणारे काचेच्या नळ्यांचे कारखाने उभे राहतील, अशी त्यांची कल्पना होती. नोबेल पारितोषिक काही त्यांना मिळाले नाही. २ जानेवारी १९२२ रोजी ते वारले.

पुढे १९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड (पांढऱ्या रंगात घालतात तेच) पाण्यात ठेवून त्यावर प्रकाश टाकला. पाणी फुटले. तारेने जोडलेल्या प्लॅटिनमवर हायड्रोजन वायू आला. हा वायू जाळला की पुन्हा पाणीच होते, कोळशासारखा धूर होत नाही. असे काम घडवून आणून स्वतः खर्च न होणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. पण टायटॅनियमच्या या पदार्थाला उन्हातले फक्त अतिनील किरण चालतात, आणि ते उन्हात थोडेच असतात. म्हणून सगळे ऊन वापरील, वर्षानुवर्षे टिकेल आणि स्वस्तही पडेल, असा उत्प्रेरक शास्त्रज्ञ अजून शोधताहेत.