टिळकांच्या दरबाराचा जमाखर्च

नाशिक आणि पैठण मागे टाकून गोदावरी अंबड तालुक्यातील शहागडला येते. पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो, अलीकडे जालन्याची वाट फुटते. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या नदीच्या दोन टोकांना दोन माणसांची नावे जोडली गेली आहेत, आणि योगायोग असा की दोघांचेही नाव नारायण. जालन्याकडचे नारायण शेषाद्री. नाशिककडचे नारायण वामन टिळक. पहिल्या नारायणाचा आज जालन्यातही बहुतेकांना विसर पडला आहे. दुसऱ्याला सारा महाराष्ट्र कवी म्हणून ओळखतो. परंतु त्यांनी आयुष्याच्या अखेरीस जो प्रयोग केला, त्याची आठवण फारच थोड्यांना असेल. तो प्रयोग एका जुन्याच प्रश्नासंबंधी होता. नव्या धर्मात आलेल्या माणसाची, विशेषतः तरुणाची, काळजी वाहायची कोणी आणि कशाच्या बळावर?

शेषाद्रींचे उत्तर जमिनीचे होते. 1843 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेला हा ब्राह्मण तरुण पुढे स्कॉटिश मिशनचा पाळक झाला आणि 1860 नंतरच्या दशकात जालना भागात स्थिरावला. त्याच्याकडे आलेले लोक प्रामुख्याने मांग समाजातील होते. गावगाड्यात ज्यांना मुळातच दाराबाहेरची जागा होती, त्यांनी धर्म बदलताच उरलेसुरले बलुतेही धोक्यात येत असे. अशा माणसाला केवळ प्रवचन पुरत नाही. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. शाळा, चर्च, शेती आणि काम एका ठिकाणी आणले. 1891 मध्ये ते वारले. त्या काळी याहून अधिक व्यवहार्य दुसरा मार्ग दिसत नाही. तथापि या मार्गाची एक किंमत होती. पोटाची सोय आणि आत्म्याची सोय एकाच हाती गेली, की पाळक हा मालकही होतो.

टिळकांना हाच मालक पुढे खुपला.

1861 साली कोकणात करजगाव येथे जन्मलेल्या टिळकांचे बालपण सुखाचे नव्हते. वडील कठोर, आई लवकर गेलेली. पोरवयातच त्यांनी घर सोडले आणि नाशिक गाठले. तेथे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले आणि नाशिकजवळच्या, गोदावरीकाठच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचा विवाह झाला. याच पुढे ‘स्मृतिचित्रे’च्या लेखिका लक्ष्मीबाई टिळक. शिक्षकी, व्याख्याने, कविता, संपादन असे नाना व्यवसाय करीत आणि एकाही ठिकाणी न टिकता टिळक नागपूरकडे गेले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यानंतरची काही वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. मुलगा दत्तू आईजवळ राहिला. लक्ष्मीबाई पुन्हा पतीकडे आल्या त्या ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. आपले सोवळेओवळे सांभाळूनच त्या नगरला राहू लागल्या. जातिभेदाची व्यर्थता त्यांना स्वतःच्या विचाराने पटली, त्यानंतर 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या प्रकरणातून टिळकांच्या स्वभावाचा एक विशेष दिसतो. ते रागीट होते, हट्टी होते, विसराळू होते. पण दुसऱ्याच्या श्रद्धेची घाई करणे त्यांना जमत नसे. पुढच्या सर्व कार्यात हाच गुण त्यांच्या उपयोगी पडला.

अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, हे त्या वेळी अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. 1831 पासून तेथे मिशनचे काम चालू होते. 1899-1900 च्या दुष्काळाने शेकडो अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आणली. शाळा, वसतिगृहे, उद्योगशाळा वाढल्या आणि त्यांच्याबरोबर पगारी माणसेही वाढली. शिक्षक पगारी, उपदेशक पगारी, पाळकही पगारी. आणि पगाराचा पैसा समुद्रापलीकडून येणारा. खेड्यातील मंडळीला आपल्या पाळकाचे पोट आपण भरावे असे वाटण्याचे कारणच उरले नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही परिस्थिती अपरिचित वाटू नये. जे अनुदान प्रारंभी उभे राहण्यास आधार देते, तेच लांबले की चालण्याची सवय मोडते. टिळक स्वतः याच व्यवस्थेचे वेतन घेत होते. धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात ते शिकवीत, 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षाही मिळाली, 1912 पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मिशनरी मित्रांवर त्यांचे प्रेम होते. परंतु हिंदी ख्रिस्ती माणसाला कायमचे अज्ञान बालक समजण्याची जी वृत्ती त्यांना दिसली, तिच्यावर त्यांनी उघड टीका केली.

त्यांचे पहिले उत्तर गाण्याचे होते. परकी चालीवर भाषांतरित गीते म्हणणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग, ओवी आणि भजन दिले. नगरच्या ख्रिस्ती मंडळींत कीर्तन त्यांच्या आधीपासून होत असे. टिळकांनी त्याला कवीचा शब्द दिला. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते मानीत. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भजन हा एकट्याचा प्रकार नव्हे आणि हजारोंच्या सभेचाही नव्हे. टाळ घेऊन दहा-पंधरा माणसे बसली म्हणजे ते रंगते. वारीची दिंडी अशाच आटोपशीर मेळ्याने चालते. त्यात कोण आजारी पडले, कोण मागे राहिले, हे सोबत्यांना विचारल्याशिवाय कळते. पाळकाच्या हजेरीपटात हे दिसत नाही.

दुसरे उत्तर त्यांच्या घरात होते, आणि ते बरेचसे लक्ष्मीबाईंच्या चुलीवर शिजले. टिळकांच्या घरी परकी मुले नसतील असा काळ विरळा. कोणी अनाथ, कोणी शिकण्यासाठी आलेले, कोणी घरातून रागावून निघालेले. टिळक मुले आणीत. त्यांच्या जेवणाचा हिशेब लक्ष्मीबाई करीत, किंबहुना हिशेब जुळत नाही हे त्यांनाच आधी कळे. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलाचे काव्य सर्वांसमोर आले आणि तो ‘बालकवी’ झाला. या तरल, अस्वस्थ मुलाला टिळकांनी नगरला आपल्या घरी आणले आणि लक्ष्मीबाईंनी मुलासारखे सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यामुळे त्यांचे ताट कधी बाजूला झाले नाही. तरुणांमध्ये काम करणाऱ्या अनेक संस्था तेव्हा जगभर उभ्या होत्या. लंडनमध्ये 1844 साली निघालेली वाय.एम.सी.ए. भारतातही पोहोचली होती. त्यांच्यापाशी इमारती होत्या, वाचनालये होती. टिळकांपाशी एक घर होते, आणि त्यात प्रवेशाची अट नव्हती.

1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती ठीक नाही, गाठीला पैसा नाही. संन्याशाचे जिणे पत्करून ते साताऱ्याला गेले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्यांचा हा मेळा होता. त्यात बाप्तिस्मा घेतलेले असावेत आणि न घेतलेलेही असावेत, पंथांच्या भिंती नसाव्यात, परदेशी संस्थेची मालकी नसावी, आणि परस्परांचा भार परस्परांनी वाहावा, अशी त्यांची कल्पना होती. चर्चला पर्याय उभारण्याचा त्यांचा हेतू नव्हता. चर्चच्या दाराबाहेर घुटमळणाऱ्यांना बसायला एक ओसरी हवी होती. हे अनेक सनातनी ख्रिस्ती मनांना रुचले नाही. बाप्तिस्म्यावाचून शिष्यत्व म्हणजे धर्मविधीचे अवमूल्यन, हा त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. बाप्तिस्म्यासाठी ज्यांनी घर, जात, गाव गमावले होते, त्यांना ही सवलत टोचली असल्यास नवल नाही. टिळकांनी स्वतः तीच किंमत मोजली होती. म्हणूनच त्यांना ती इतरांकडून सक्तीने वसूल करावीशी वाटली नाही.

आज अनेक शहरी मंडळ्यांत घरोघरी छोटे गट भरविण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि ती परदेशातून आलेली नवी युक्ती समजली जाते. तिचे मूळ खरोखर इंग्लंडमध्ये शोधले तर ते मौजेचे आहे. 1742 साली ब्रिस्टल येथे जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर प्रार्थनागृहाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, आणि बाराएक जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. पैसे मागायला दारोदार गेलेल्या माणसाला घरातले दुखणे दिसले, दारू दिसली, भांडण दिसले. वेस्लींनी ताडले की, ज्या देखरेखीच्या शोधात आपण होतो ती हीच. कर्जवसुलीतून काळजी जन्मली. त्या गटांना मात्र पेनीचा हिशेब होता, गटनायक होता, वहीत नावे होती.

दरबारापाशी यातले फारसे काही नव्हते. टिळकांना संघटना बांधता येत नसे आणि पैसा टिकवता येत नसे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. मिशनचा पैसा नको हे त्यांनी ठरविले, पण त्या जागी मंडळीचा पैसा कसा यावा, याचा विचार केला नाही. सभासद कोण, कर्तव्य कोणते, संस्थापकामागे जबाबदारी कोणाची, हे प्रश्न त्यांच्या प्रेमळ उपस्थितीने झाकून गेले. दीड-दोन वर्षेच मिळाली, हेही खरे. दरबार सुरू असतानाच 5 मे 1918 रोजी बालकवी रेल्वेखाली सापडून मरण पावले. एका वर्षाने, 9 मे 1919 रोजी, मुंबईत टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. त्यांचे इंग्रज चरित्रकार जे. सी. विन्स्लो यांनी 1922 साली ख्रिस्त सेवा संघ काढला, तेव्हा टिळकांची कल्पना त्यांच्या डोळ्यांपुढे होती. पुढे हा संघ पुण्यात स्थिरावला. तेथे नियम होते, दिनक्रम होता, आश्रमाची शिस्त होती.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते, तेही अपुरे राहिले. त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. उरलेले बहुतेक लक्ष्मीबाईंनी लिहिले. बालपणी अक्षरओळख नसलेल्या, लग्नानंतर कशीबशी वाचायला शिकलेल्या या बाईने ओव्या रचीत ते काम पुढे नेले, आणि त्याच सुमारास आपल्या आठवणीही कागदावर उतरविल्या. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये प्रसिद्ध झाला. दरबाराची वही कोणी ठेवली नव्हती. त्या घरात कोण आले, कोण जेवले, कोण रुसले आणि कोणाची समजूत कशी काढली, हे त्या पुस्तकाच्या पानापानावर लिहिलेले आहे.