मोटारीला वाळवंट शिकवणारा लष्करी अभियंता

सुट्टीत गाडी घेऊन राजस्थानच्या वा लडाखच्या वाटेला लागणाऱ्या हौशी मंडळींच्या टपावर अनेकदा दोन लांब, खाचा पाडलेल्या पट्ट्या बांधलेल्या दिसतात. चाक वाळूत रुतले की त्या चाकाखाली सरकवायच्या आणि गाडी बाहेर काढायची. वाळू लागताच टायरमधली हवा कमी करायची, अनावश्यक वजन घरी ठेवायचे, रेडिएटरमधून उतू जाणारे पाणी वाया न घालवता साठवायचे, ही सूत्रे आज कोणत्याही अनुभवी चालकाला पाठ असतात. परंतु शंभर वर्षांपूर्वी ती कोणाच्या खिजगणतीतही नव्हती. साध्या, घरगुती वापराच्या फोर्ड मोटारींत फेरफार करून ही सूत्रे जिवावर उदार होऊन पारखून घेणाऱ्यांत अग्रणी होते ब्रिटिश लष्करातील अभियंते राल्फ अल्जर बॅगनॉल्ड.

बॅगनॉल्ड यांचा जन्म 3 एप्रिल 1896 रोजी इंग्लंडच्या डेव्हनपोर्ट येथे झाला. वडील लष्कराच्या अभियांत्रिकी दलात कर्नल होते. खार्टूममध्ये अडकलेल्या जनरल गॉर्डन यांच्या सुटकेसाठी 1884-85 मध्ये नाईल नदीतून गेलेल्या मोहिमेत ते सहभागी झाले होते. वाळवंटाच्या कथा त्यामुळे घरातच होत्या. थोरली बहीण एनिड पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आली. 'नॅशनल व्हेल्व्हेट' ही तिची कादंबरी आणि तिच्यावर निघालेला एलिझाबेथ टेलर यांचा चित्रपट अनेकांना आठवत असेल. राल्फ यांनी मात्र वडिलांची वाट धरली. वूलविचच्या लष्करी अकादमीतून ते 1915 मध्ये अधिकारी झाले आणि थेट फ्रान्सच्या खंदकांत जाऊन पडले. पहिले महायुद्ध संपल्यावर त्यांनी केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि 1921 मध्ये लष्कराच्या संदेशवहन दलात ते परतले.

कैरोतील सुट्टीचा नाद

1926 मध्ये त्यांची नेमणूक कैरोला झाली. लष्करी छावणीत पोलो, मेजवान्या आणि नृत्याच्या संध्याकाळी यांत रमणारे अधिकारी पुष्कळ होते. बॅगनॉल्ड आणि त्यांचे मोजके मित्र रजा मिळाली की फोर्ड मॉडेल टी घेऊन वाळवंट गाठत. मोटार स्वतःच्या पैशाने घेतलेली, पेट्रोलही स्वतःचे. प्रथम सिनाई, मग पश्चिमेकडील सिवा हे मरूद्यान, अशा टप्प्याटप्प्याने ते दूर जाऊ लागले. पुढे बदली हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर झाली. तरीही त्यांनी तो नाद सोडला नाही. रजा साठवायची आणि इजिप्तला जायचे, असा क्रम त्यांनी ठेवला.

त्या काळी लिबियाच्या वाळवंटात मोटारी मुळीच गेल्या नव्हत्या असे नाही. इजिप्तचे राजपुत्र कमाल अल-दीन यांनी चाकांऐवजी पट्टे लावलेल्या खास सित्रोएन गाड्या तेथे नेल्या होत्या. परंतु तो राजघराण्याला परवडणारा थाट होता. बॅगनॉल्ड यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता. बाजारात मिळणारी, केवळ मागच्या दोन चाकांना इंजिनाची शक्ती देणारी स्वस्त मोटार वाळूच्या समुद्रात तग धरू शकेल काय? गाडी मोडली तर मदतीला येणारे कोणी नव्हते. शेकडो किलोमीटरच्या परिसरात विहीर नाही, वस्ती नाही. गाडीतला एखादा निकामी भाग म्हणजे माणसांचा मृत्यू, इतका हा हिशेब सरळ होता.

वजन कमी, पाणी जपून

त्यांनी सर्वांत आधी गाडीवरचे वजन उतरवले. मूळ सांगाड्यावरचा दिखाऊ पत्रा काढून टाकून मागे लाकडी खोके बसवले. बॉनेट आणि समोरची काच यांनाही रजा मिळाली. वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी पेट्रोल, पाणी वा सुटे भाग नेता येत होते.

दुसरी अडचण पाण्याची. मऊ वाळूत इंजिनावर ताण पडून रेडिएटर उकळू लागे आणि वाफेबरोबर मौल्यवान पाणी उडून जाई. बॅगनॉल्ड यांनी रेडिएटरची वाफ बाहेर पडण्याची वाट बंद केली आणि तेथून एक नळी काढून ती बाजूला बांधलेल्या, अर्धवट पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवली. वाफ त्या पाण्यात शिरून थंड होई व तिचे पाणी बने. डबाही उकळू लागला की चालक गाडी वाऱ्याच्या दिशेने तोंड करून थांबवी. इंजिन थंड होताच आतला दाब घटे आणि डब्यातले पाणी आपोआप रेडिएटरमध्ये परत ओढले जाई. थेंबही वाया जात नसे. आजच्या मोटारींत रेडिएटरशेजारी जो प्लास्टिकचा डबा असतो, त्याच्यामागेही हेच तत्त्व आहे.

रुतलेल्या चाकासाठीचा उपाय त्यांना कैरोच्या भंगारबाजारात सापडला. महायुद्धात खंदकांच्या छताला वापरलेल्या, पन्हळीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्या तेथे पडून होत्या. चाकापुढची वाळू उकरून ही पट्टी खाली सरकवली की चाकाला धरायला कठीण जमीन मिळे. टायरमधली हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, भार मोठ्या क्षेत्रावर विभागला जातो आणि चाक वाळूत कमी शिरते, हेही त्यांनी अनुभवातून पक्के केले.

दिशा शोधण्यासाठी चुंबकीय होकायंत्र उपयोगाचे नव्हते. मोटारीतल्या लोखंडामुळे त्याची सुई भरकटे. बॅगनॉल्ड यांनी सूर्य-होकायंत्राची स्वतःची आवृत्ती तयार केली. अंश कोरलेल्या सपाट तबकडीच्या मधोमध एक उभी सुई आणि तिची सावली, एवढीच त्याची रचना. सूर्य सरकेल तशी तबकडी फिरवत राहिले की चालत्या गाडीतही दिशा अचूक राखता येई. रात्री मुक्कामावर ताऱ्यांचे वेध घेऊन ठिकाण निश्चित केले जाई.

वाळूच्या समुद्रात

सिवाच्या दक्षिणेस पसरलेला 'ग्रेट सँड सी' म्हणजे एकापुढे एक समांतर उभ्या असलेल्या प्रचंड टेकड्यांची रांग. जर्मन प्रवासी रोल्फ्स यांनी 1874 मध्ये उंटांच्या तांड्यानिशी तो ओलांडण्याचा प्रयत्न केला होता. टेकड्या आडव्या येताच त्यांना पश्चिमेचा नाद सोडून उत्तरेला सिवाकडे वळावे लागले. जेथे उंट हरले तेथे मोटारीचे काय चालणार, असाच सर्वांचा समज होता.

1929 आणि 1930 च्या मोहिमांत बॅगनॉल्ड यांनी हा समज मोडीत काढला. या वेळी गाड्या नव्या फोर्ड मॉडेल ए होत्या. टेकडीच्या पायथ्याशी कचरून वेग कमी केला की गाडी रुतणार, हे त्यांच्या ध्यानात आले होते. म्हणून त्यांनी उलटे केले. भरधाव वेगाने गाडी थेट समोरच्या पिवळ्या भिंतीवर घातली आणि गाडी अलगद वर चढून गेली. वाऱ्याकडील बाजूची वाळू घट्ट दाबलेली असते आणि आडोशाच्या बाजूची घसरणीची वाळू मऊ असते, हा भेद त्यातून स्पष्ट झाला. वाळू केवळ पाहून तिचा कठीणपणा ओळखणे ही त्यांच्या सोबत्यांची खासियत ठरली.

या मंडळींना 'झेरझुरा' या दंतकथेतील हरवलेल्या मरूद्यानाचेही वेड होते. 1930 च्या मोहिमेत सुदानमधील वादी हाल्फा येथे त्यांनी 'झेरझुरा क्लब' स्थापन केला. मरूद्यान बॅगनॉल्ड यांना गवसले नाही, परंतु नकाशावरचा मोठा कोरा भाग भरला गेला. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक देऊन त्यांचा गौरव केला. 'लिबियन सँड्स' हे त्यांचे प्रवासवर्णन 1935 मध्ये प्रसिद्ध झाले.

छंद युद्धाला जुंपला

त्याच वर्षी आजारपणामुळे त्यांनी लष्कर सोडले. त्यांच्या मनात आता दुसराच प्रश्न घोळत होता. वाळूच्या टेकड्यांना इतका नेमका आकार का येतो? उत्तर शोधण्यासाठी त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये प्लायवूडचा वारा-बोगदा उभारून प्रयोग आरंभले. वाळूचे कण हवेत तरंगत जात नाहीत, ते उड्या मारत पुढे सरकतात आणि पडताना दुसऱ्या कणांना उडवतात, हे त्यांनी मोजून दाखवले.

1939 मध्ये दुसरे महायुद्ध सुरू होताच त्यांना पुन्हा बोलावणे आले. नेमणूक पूर्व आफ्रिकेत होती. भूमध्य समुद्रात जहाजांची टक्कर झाल्याने त्यांना इजिप्तमध्ये उतरावे लागले. जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरला. इजिप्तच्या पश्चिमेला लिबियात इटलीचे मोठे सैन्य होते आणि दक्षिणेकडचे वाळवंट कोणीही ओलांडू शकत नाही, या भरवशावर ती बाजू मोकळी पडली होती. बॅगनॉल्ड यांनी सेनापती वेव्हेल यांची भेट घेऊन वाळवंटी गस्तीचे पथक उभारण्याची योजना मांडली. मुदत मिळाली सहा आठवड्यांची.

सुट्टीत पारखलेली प्रत्येक युक्ती आता कामाला आली. शेवरोलेच्या दीड टनी मालमोटारी मिळतील तेथून गोळा केल्या गेल्या. दारे आणि काचा उतरल्या, पाटे भक्कम झाले, पाण्याचे डबे, पोलादी पट्ट्या आणि सूर्य-होकायंत्रे बसली. यंत्रे हाताळण्याची सवय असलेले न्यूझीलंडचे जवान निवडले गेले. पुरातत्त्वज्ञ बिल केनेडी शॉ आणि सर्वेक्षक पॅट क्लेटन हे जुने सोबतीही येऊन मिळाले. 'लाँग रेंज डेझर्ट ग्रुप' या नावाने हे पथक प्रसिद्ध झाले.

या यशाची किंमतही मोजावी लागली. जानेवारी 1941 मध्ये मुरझुक येथील इटालियन ठाण्यावरील छाप्यानंतर क्लेटन शत्रूच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. त्याच वाळवंटाच्या शोधात गुंतलेले हंगेरीचे लास्लो अल्माशी 1942 मध्ये जर्मनांच्या बाजूने हेरांना घेऊन वाळवंट पार करून गेले. एकेकाळी एकाच मरूद्यानाच्या मागे असलेली माणसे एकमेकांविरुद्ध उभी ठाकली होती आणि दोन्ही बाजूंची हत्यारे तीच होती, वाळवंटाची ओळख आणि त्यासाठी तयार केलेली मोटार.

1941 मध्ये बॅगनॉल्ड यांनी पथकाची सूत्रे गाय प्रेंडरगास्ट यांच्याकडे सोपवली. युद्ध चालू असतानाच, त्याच वर्षी, वाळूच्या भौतिकशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. त्या विषयाचा तो आजही पायाभूत ग्रंथ मानला जातो. 1944 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. उर्वरित आयुष्य त्यांनी नद्यांतील गाळ आणि वाळूच्या वहनाचा अभ्यास करण्यात घालवले. 28 मे 1990 रोजी, वयाच्या 94व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पथकाची एक शेवरोले 1980 मध्ये लिबियाच्या वाळवंटात सापडली आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने ती आहे त्या गंजलेल्या अवस्थेतच जतन केली. मंगळावरील गेल विवरात वाळूच्या टेकड्यांची एक रांग आहे. 'नासा'च्या 'क्युरिऑसिटी' या चाकांच्या गाडीने 2015 च्या अखेरीस तिचा जवळून अभ्यास सुरू केला. त्या टेकड्यांना बॅगनॉल्ड यांचेच नाव देण्यात आले आहे.